वायू घट्ट नसतो, पाझर नसतो तो दगडाला

डोंबिवलीच्या एका वाचकाने दोन प्रश्न विचारले आहेत. बातम्यांत ‘टाइट गॅस’ला ‘घट्ट वायू’ म्हणतात, ते बरोबर का? आणि ‘शेल गॅस’ म्हणजे शेल कंपनीचा गॅस का?

पहिलं साफ चूक आहे. हा ‘घट्ट वायू’ ऐकून माझे कान किटले आहेत. दही घट्ट असतं, झाकण घट्ट असतं, कापडाची वीण घट्ट असते. वायू कसा घट्ट होईल? ‘टाइट’ हे विशेषण दगडाचं आहे. इंग्रजांनी बोलताना मधला दगड गाळला आणि आपण तसंच उचललं. वायू तोच, आपल्या शेगडीला नळीतून येतो तो, मुख्यतः मिथेन. फरक आहे तो कुठल्या दगडात बसलाय आणि तो दगड त्याला सोडतो की नाही, याचा.

आणि यासाठी मराठीत इतका नेमका शब्द आहे की तो कुणी वापरत नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं. पाझर.

‘पाझर म्हणजे पाणी झरणे, पा पाण्याचा’ अशी फोड मी शिक्षकांच्या तोंडूनही ऐकली आहे. ती सोडून द्या. संस्कृत ‘क्षर्’ म्हणजे वाहणं, गळणं. प्राकृतात या ‘क्ष’चा ‘झ’ होतो: क्षीयते, झिज्जइ, आपलं झिजणं. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘क्षर्’बद्दल येणारे धातू दिले आहेत, त्यांत ‘झर’ आहे आणि ‘पज्झर’ही आहे. झर वरून झरा. पज्झर म्हणजे प्र-क्षर, बाहेर वाहणं. अज्जचं आज झालं, कम्मचं काम झालं, तसं पज्झरचं पाझर. पाण्याचा इथे संबंधच नाही, ‘पा’ हा ‘प्र’चा आहे. पुरावा हवा असेल तर पान्हा घ्या: प्रस्नव, पण्हव, पान्हा. पान्हा आणि पाझर, दोन्ही आतून बाहेर येणारे, दोघांच्याही तोंडाशी तोच झिजलेला ‘प्र’.

आता याच ‘क्षर्’ला नकार जोडा. अ-क्षर. जे झरत नाही, सरत नाही, ते अक्षर! आपण लिहितो ते अक्षर आणि माठाचा पाझर एकाच धातूचे. पतंजलींनी महाभाष्यात ही व्युत्पत्ती दिली आणि लगेच ‘अश्’, म्हणजे व्यापणे, या धातूची दुसरी वाटही उघडी ठेवली. मला ती दुसरी वाट अजिबात पटत नाही. गीतेच्या पंधराव्या अध्यायात क्षर आणि अक्षर समोरासमोर उभे असताना ‘अश्’कडे जायचं कारणच काय?

तर वायूचा तो दगड खऱ्या अर्थाने अक्षर आहे. माठाचंच बघा. नवा माठ पाझरतो, म्हणून पाणी गार होतं. दोन उन्हाळे गेले की पाण्यातले क्षार त्याच्या छिद्रांत बसतात, माठ पाझरायचा थांबतो, पाणी कोमट राहतं. वालुकाश्माचंही असंच होतं, फक्त लाखो वर्षांत. वाळू खोल गाडली जाते, कण एकमेकांत दाबले जातात, त्यांच्यातून फिरणाऱ्या पाण्यातली सिलिका कणांवर साचते, वर चिकणखनिजांचे धागे. छिद्रं थोडी उरतात, बहुधा दहा टक्क्यांच्या आत, पण एका छिद्रातून दुसऱ्यात जायची वाट बुजते. शेजारच्या कोळशातून किंवा शेलमधून, म्हणजे चिखलाच्या पापुद्रेदार दगडातून, आलेला वायू तिथे मुरतो आणि अडकतो. मुरणं आहे, पाझरणं नाही. मराठी हे दोन वेगळे ठेवते आणि भूशास्त्रालाही नेमके हेच दोन वेगळे हवे असतात: सच्छिद्रता, म्हणजे दगडात छिद्रं किती, ही एक; पर्मिएबिलिटी, म्हणजे त्यांतून वाहू किती देतो, ही दुसरी. या दुसरीला आपल्या परिभाषाकारांनी ‘पार्यता’ म्हटलं. कोणत्या गावात, कोणत्या घरात हा शब्द आहे? १९७२ च्या दुष्काळात ज्या हातांनी पाझर तलाव खोदले, त्यांना ही संकल्पना पुरती ठाऊक होती. ‘पाझरक्षमता’ म्हणा, काम झालं.

तिचं मापही पाण्यातूनच आलं आहे. फ्रान्समधल्या दिजों शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी आंरी डार्सी वाळूतून पाणी किती वेगाने जातं ते मोजत होता. १८५६ साली त्याने नियम मांडला आणि एककाला त्याचं नाव मिळालं. एका डार्सीच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी पाझरेल तो वालुकाश्म ‘टाइट’ धरतात. शेल त्याहून कितीतरी कमी पाझरतो. उलट आपलं मुंबई हाय, अरबी समुद्रातलं तेलक्षेत्र. १९७४ मध्ये खोदकाम करणाऱ्या ‘सागर सम्राट’ला जिथे तेल सापडलं तो चुनखडक आहे, छिद्रांना वाटा आहेत, तेल आणि वायू दाबाने विहिरीकडे येतात. टाइट वालुकाश्मात आणि शेलमध्ये आडवी विहीर नेऊन पाण्याच्या प्रचंड दाबाने दगड फोडावा लागतो आणि भेगा मिटू नयेत म्हणून त्यांत वाळू भरावी लागते. दगडाला पाझर फोडणे हा वाक्प्रचार इथे अक्षरशः खरा होतो.

शेलचं राहिलंच. ‘शेल गॅस’मधला शेल म्हणजे दगड, कंपनी नव्हे; दोघांचं नातं आहे ते फक्त शब्दाचं. दगडाचं नाव जुन्या इंग्रजीतल्या टरफल, कवच या अर्थाच्या शब्दावरून आलं, कारण तो पापुद्र्यांनी सुटतो. कंपनीचं नाव शिंपल्यावरून, संस्थापकाचे वडील लंडनमध्ये शिंपल्यांचा व्यापार करत. शिंपला आणि टरफल, मूळ एकच. शेलमध्ये वायू माहेरीच राहिलेला असतो: चिखलात गाडलेले जीवांचे अवशेष, साधारण दोन टक्के तरी सेंद्रिय कार्बन, शंभर-सव्वाशे अंशांच्या पुढचं तापमान, मग काही वायू छिद्रांत, काही त्या सेंद्रिय द्रव्यालाच चिकटून. नुसती चिकणमाती जास्त असेल तर दगड तडकत नाही, दबतो. क्वार्ट्‌झ किंवा चुना हवा.

मुंबईतही शेल आहे. मलबार हिल आणि वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमध्ये त्याचे पातळ पापुद्रे आहेत, त्यांत चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले. गॅस नाही. तो २०११ मध्ये दुर्गापूरजवळ, दामोदर खोऱ्यातल्या शेलमधून निघाला. त्या थरांचं नाव ‘बॅरन मेझर्स’, कोळसा नाही म्हणून वांझ ठरवलेले.

तेव्हा बातमीत ‘न पाझरणाऱ्या वालुकाश्मातला वायू’ लिहा. लांब वाटलं तर ‘अपाझर वालुकाश्म’. ‘घट्ट वायू’ मात्र नको.