खलनायक हरतो, पण काहीच वाटत नाही

प्रश्न : माझी 110 पानांची पटकथा तयार आहे. वाचणारे म्हणतात, मारामारी जमली आहे, पण खलनायक हरला तरी काही वाटत नाही. शेवट आणखी मोठा करू का?

उत्तर : नको. दुखणं शेवटात नाही, बरंच आधी आहे. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. नायक समोर नसताना खलनायक किती पानं दिसतो, मोजा. दोन-तीनच निघाली तर प्रेक्षकाच्या लेखी तो माणूस नाही, नुसती अडचण आहे. अडचण सुटल्यावर कुणी गलबलत नाही.

त्याला काय हवंय आणि काय गमवायची भीती आहे, हे पहिल्या तीस पानांत कृतीतून दाखवा. समजा, तो कारखान्याचा मालक आहे. पान 20 वर तो मेलेल्या भावाची खुर्ची स्वतः पुसतो; तिथे कुणाला बसू देत नाही. पान 60 वर व्यवहार अडतो, तेव्हा तीच खुर्ची नायकापुढे सरकवतो. पान 104 वर, सगळं गेल्यावर, स्वतः तिच्यात बसतो. मिळून चार पानंसुद्धा नाहीत. घाईत लोक मधला प्रसंग उडवतात, आणि नेमका तिथेच तो बदललेला असतो.

बालपणीच्या हालांचा फ्लॅशबॅक क्लायमॅक्सच्या तोंडावर घालू नका. ताण तुटतो, वर कीव मागितल्यासारखं दिसतं. आणि हो, त्याचा पराभव त्याच्याच हट्टातून येऊ द्या. योगायोगाने पकडला गेला, तर खुर्चीची सगळी मेहनत वाया.