नकाशावरचं धुराडं

प्रश्न : मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकात जर्मनीचा नकाशा आहे. कोळसा असेल तिथे धुराडं, समुद्राकाठी मासा, मैदानात गव्हाची ओंबी. तिने विचारलं, ‘‘कोळसा संपल्यावर तिथली माणसं काय करतात?’’ मला सांगता आलं नाही. – एक पालक

उत्तर : लेक पुस्तक छापणाऱ्यांपेक्षा हुशार दिसते. मीही बरीच वर्षं भूगोल शिकवला, फळ्यावर तेच धुराडं काढलं. हा प्रश्न एकाही पोराने विचारला नाही. (मलाही सुचला नव्हता, हे आपलं खासगीत.)

ते धुराडं रूर खोऱ्याचं असणार. तिथला कोळसा संपला नाही, महाग पडू लागला. इतक्या खोलातून काढण्यापेक्षा परदेशातून बोटीने आणलेला स्वस्त. एसेनची झोलफराइन खाण १९८६ साली बंद झाली, आता ती जागतिक वारसास्थळ आहे. बोट्रोपची शेवटची खाण २०१८पर्यंत तगली. खाण मिटली की खाणकामगाराच्या पगारासोबत त्या पगारावर जगणारे न्हावी, शिंपी, खानावळवालेही बसतात. म्हणून कुठल्याही प्रदेशाबद्दल मी आधी एवढंच बघतो, की इथे बाहेरचा पैसा कशापायी येतो? नुसतं एकमेकांचे केस कापून गाव चालत नाही.

शेजारच्या बोखुममध्ये ओपेलचा मोटारींचा कारखाना आला १९६२ साली. तोही २०१४मध्ये गेला. १९६५ साली सुरू झालेलं विद्यापीठ मात्र टिकलं. विद्यार्थ्यांचा खर्च, प्राध्यापकांचे पगार, हाही बाहेरून येणारा पैसाच. पण पन्नाशीच्या खाणकामगाराला विद्यापीठात कोण घेणार? रोजगार आला, तो दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी. सरकारी अहवालांत ही गोष्ट एका ओळीत उरकतात, त्याचा मला राग येतो.

आता लेकीला डॅन्यूबच्या काठचं टुटलिंगन शोधायला लावा. पस्तीसेक हजार वस्ती. तिथे गोटफ्रीड येटर नावाच्या कारागिराने १८६७ साली शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायला कारखाना काढला. त्या काळी गावात चाकू घडवणारे होतेच. शल्यविशारदाची एक कात्री घ्या. ती घडवायची, दोन्ही पाती एकमेकांत बसवायची, पाणी पाजायचं, घासून आरशासारखी करायची. शेवटी कारागीर ती कानाशी धरून उघडमीट करतो, कुठे करकरते का ते ऐकायला. हे काम पुस्तकातून येत नाही, शेजारी बसून येतं. शिकलेला माणूस मालकाशी बिनसलं की दोन गल्ल्या सोडून स्वतःचं दुकान थाटतो, कारण घडाईवाला, पॉलिशवाला सगळे तिथेच. असं होत होत गावात आणि आसपास आज शेकडो कंपन्या झाल्यात, आणि जगभरच्या ऑपरेशन थिएटरांत त्यांचा माल जातो.

पुस्तकातल्या नकाशात टुटलिंगनला कसलीच खूण नसेल. तिला पेन्सिलीने तिथे एक कात्री काढू द्या.