हातातली सुई आणि भोवतीची लाली

प्रश्न : माझ्या ७८ वर्षांच्या सासूबाई कोथरूडमधील एका शुश्रूषा केंद्रात असून त्यांना शिरेतून प्रतिजैविके दिली जातात. काल इंट्राकॅथभोवती (शिरेत बसवून ठेवलेल्या सुईवजा नळीभोवती) लाली दिसली, तर ‘एवढं चालतंच’ असे उत्तर मिळाले. हे बरोबर आहे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. लाली, सूज, दुखरेपणा किंवा दोरीसारखी टणक लागणारी शीर ही शिरेच्या दाहाची लक्षणे असून, अशा वेळी ती सुई काढून गरज असल्यास दुसऱ्या जागी घालावी लागते. त्यातच ताप किंवा थंडी वाजून आली, तर डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवावे.

औषध देताना परिचारिका काय करतात, हे एकदा शेजारी उभे राहून पाहा. हात स्वच्छ करून, इंट्राकॅथचे तोंड अल्कोहोलच्या बोळ्याने सुमारे १५ सेकंद घासून ते पूर्ण वाळू द्यायचे असते, आणि घाईत नेमके हे वाळू देणेच राहून जाते. पारदर्शक पट्टी ओली झाली किंवा तिची कड सुटली, तर ती लगेच बदलावी. आंघोळीच्या वेळी हात प्लॅस्टिकने झाकावा. औषध तोंडाने सुरू करता येईल का, हे मात्र डॉक्टरांना रोज विचारा, कारण नुसती ‘असू दे’ म्हणून ठेवलेली सुई जंतूंना आयती वाट देते.