आकार, आकारमान आणि मेदुवडा

प्रश्न असा आहे: "मुलाच्या निबंधात वाक्य आलं आहे, 'माणसाच्या मेंदूचा आकार सर्व प्राण्यांत मोठा असल्यामुळे तो बुद्धिमान झाला.' इथे 'आकार' बरोबर की 'आकारमान'? विधान तरी बरोबर आहे का? 'मेंदू' हा शब्द मुळात कुठून आला? आणि धाकटीच्या डोक्याचा घेर तक्त्यात जरा कमी भरतोय, त्याचा बुद्धीशी संबंध असतो का?"

आकारमान. आणि वाक्य दोन्हीकडून चुकलं आहे, शब्दानेही आणि विज्ञानानेही.

'आकार' म्हणजे घडण, ठेवण: गोल, लांबट, चपटा. कुंभार मातीला देतो तो आकार. किती जागा व्यापली ते आकारमान. यावर लगेच सांगितलं जातं की "आकाराने मोठा आंबा" असं सगळेच म्हणतात, कोशांतही तसा अर्थ सापडतो, वीजबिलावर 'स्थिर आकार' असतो आणि तो तर चक्क रुपयांत मोजतात. सगळं मान्य. आंबे घेताना खुशाल म्हणा. पण मेंदूबद्दल बोलताना ही ढिलाई चालत नाही, कारण माणसाच्या उत्क्रांतीतली एक महत्त्वाची गोष्ट नेमकी या दोन शब्दांच्या फटीत बसलेली आहे.

मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदला सापडलेले आपल्या मानवजातीचे (होमो सेपियन्सचे) अवशेष सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे आहेत. त्यांच्या कवटीची क्षमता आजच्या माणसाच्या पल्ल्यात बसते, पण कवटी मात्र लांबट, मागे ताणल्यासारखी. मेंदूचा आजचा चेंडूसारखा गोलवा पुढे सावकाश येत गेला आणि एक लाख ते पस्तीस हजार वर्षांपूर्वीच्या टप्प्यात पुरा झाला, असं जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांनी २०१८ मध्ये कवट्यांच्या आतल्या साच्यांवरून दाखवलं. निआंडरथल या नामशेष झालेल्या मानवाचंही तेच: क्षमता आपल्याइतकी, कधी आपल्याहून जास्त, पण ठेवण लांबट. आता हे मराठीत सांगून बघा. "आकारमान तेच राहिलं, आकार बदलला." पाच शब्दांत काम झालं. दोन्हींना 'आकार' म्हणणाऱ्याला हे वाक्य लिहिताच येणार नाही. "आकार तोच राहिला, आकार बदलला" असं लिहिणार का?

याच गोंधळाचा धाकटा भाऊ म्हणजे कवटीची पोकळी आणि आतला मेंदू यांची अदलाबदल. जीवाश्माला मेंदू नसतोच, असते ती पोकळी. म्हणून तिथे 'कवटीची क्षमता' म्हणायचं, 'मेंदूचं आकारमान' नव्हे. पोकळीत आवरणं, द्रव आणि रक्तवाहिन्याही असतात, म्हणून क्षमतेचा आकडा मेंदूच्या आकड्यापेक्षा मोठाच येणार. पूर्वी ती मोजायची रीत साधी होती: कवटीत बिया भरायच्या, मग त्या मापपात्रात ओतायच्या. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल मॉर्टन या डॉक्टरने १८३० च्या दशकात हेच केलं. पण बिया हलक्या, कमीजास्त दाबल्या जातात, एकाच कवटीचा आकडा दर खेपेला वेगळा. म्हणून पुढे त्याने शिसाचे छर्रे वापरले. आणि कवटी अर्धवट असेल तर छर्रेही निरुपयोगी. नर्मदाकाठी हथनोऱ्याला १९८२ मध्ये मिळालेल्या कवटीच्या तुकड्याची क्षमता ११५५ पासून १४२१ घनसेंटीमीटरपर्यंत अंदाजली गेली आहे, ती त्यामुळेच.

आता व्युत्पत्ती. मी खरं तर याचीच वाट बघत होतो.

संस्कृतातून सगळं काढणारी मंडळी 'मेंदू'ला 'मेदस्' म्हणजे चरबीच्या दारात नेऊन बांधतात. कोरड्या वजनात मेंदूचा निम्म्याहून जास्त भाग स्निग्ध असतो, हा त्यांचा लाडका पुरावा. पण हे शब्द घडवणाऱ्यांना कुठून कळणार होतं? प्रयोगशाळेत वाळवून कोण बघत होतं? संस्कृताला मेंदूसाठी स्वतःचे शब्द आहेत: ऋग्वेदाइतका जुना 'मस्तिष्क', आयुर्वेदातला 'मस्तुलुंग'. त्यातला एकही मराठी माणसाच्या जिभेवर आला नाही. 'मगज' फारसीतून आला आणि फळाच्या गरापासून मगजमारीपर्यंत पसरला. 'भेजा' खाटकाच्या दुकानात आणि मुंबईच्या तोंडी. मग 'मेंदू' कुणाचा? शेजाऱ्याला विचारा ना. कन्नडमध्ये मेंदूला 'मेदुळु' किंवा 'मिदुळु' म्हणतात. तेलुगूत 'मेदडु'. आणि कन्नडमध्ये 'मेदु' म्हणजे मऊ, तमिळमध्येही तेच.

मऊ! यापेक्षा नेमकं नाव दुसरं कुठलं असणार? ताजा मेंदू शवविच्छेदनात बाहेर काढून ताटात ठेवला की स्वतःच्या भाराने बसतो, पसरतो. लगेच सुरी घातली तर काप धड निघत नाहीत. म्हणून त्याच्या तळाच्या रक्तवाहिनीखालून दोरा ओवून तो दहा टक्के फॉर्मालिनच्या बादलीत उलटा टांगतात, बुडाला टेकू द्यायचा नाही, टेकला की चपटा होतो. दोन आठवडे तरी मुरला की घट्ट होतो, मग काप. (वजन मात्र बादलीत घालायच्या आधी करायचं, नंतरचा आकडा धरता येत नाही.) जिवंतपणी हा मऊपणा जाणवत नाही, कारण कवटीत तो द्रवात तरंगतो, आणि चौदाशे ग्रॅमचा ऐवज तिथे जेमतेम पन्नास ग्रॅमसारखा भरतो. बोकडाचं डोकं फोडणाऱ्या कुणालाही आधी काय जाणवलं असेल, चरबी की मऊपणा?

आणि आता उपाहारगृहाच्या पाटीकडे या. तिथे लिहिलेलं असतं 'मेंदूवडा'. त्यावर हसून झालं असेल तर सांगतो: तो 'मेदुवडा', म्हणजे मऊ वडा. माझ्या मते पाटी रंगवणाऱ्याने नकळत दोन सख्ख्या भावंडांची गाठ घालून दिली आहे. आक्षेप ठाऊक आहेत. शेवटचा 'ळु' कुठे गेला आणि अनुस्वार कुठून आला? शेपटी गळणं उसन्या शब्दांच्या नशिबी असतंच. अनुस्वाराचं म्हणाल तर उष्ट्राचा उंट आणि पक्षाचा पंख करताना मराठीने कुणाची परवानगी घेतली होती? यावर "तिथे जोडाक्षर होतं" असं उत्तर येतं. बरं. मग 'मेदु'चा 'मेंदू' आपल्या डोळ्यांदेखत पाटीवर होतोय, तिथे कुठलं जोडाक्षर आहे? "तो मेंदूच्या सादृश्यामुळे!" असेल. तरीही अक्का, तूप आणि अडकित्ता कन्नडच्या संगतीत खुशाल नांदवणाऱ्यांना एका मेंदूसाठीच गंगाकाठी का धावावंसं वाटतं, हे कोडं आहे.

हां, विधान. माणसाचा मेंदू सर्वांत मोठा नाही. आपला सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम, हत्तीचा साडेचार-पाच किलो, स्पर्म व्हेलचा आठेक किलो. शरीराच्या मानाने म्हणाल तर छोटी चिचुंद्री आपल्या पुढे जाते. चेतापेशी मोजल्या तर हत्तीच्या २५७ अब्ज, आपल्या ८६ अब्ज. पण हत्तीच्या जवळपास सगळ्या त्याच्या लहान मेंदूत, विचाराशी जास्त संबंध असलेल्या बाह्यकात (मेंदूच्या बाहेरच्या थरात) फक्त साडेपाच अब्जांच्या आसपास. आपल्या बाह्यकात सोळा. शिवाय शाळेच्या पुस्तकात 'मोठा मेंदू' आणि 'लहान मेंदू' ही अवयवांची नावं आहेत, तेव्हा "माणसाला मोठा मेंदू असतो" हे वाक्य काहीच सांगत नाही. आपल्या ८६ पैकी ६९ अब्ज पेशी 'लहान' मेंदूतच आहेत, त्याचं वजन एकूण मेंदूच्या दहाव्या हिश्श्याइतकं असूनही.

माणसामाणसांत तुलना करायची तर रशियन लेखक तुर्गेनेवचा मेंदू २०१२ ग्रॅम भरला, फ्रेंच लेखक अनातोल फ्रान्सचा १०१७, आणि नोबेल मिळालं ते अनातोल फ्रान्सला. (तो ऐंशीचा होता, म्हातारपणी मेंदू आकसतो, हेही धरा.) आइन्स्टाइनचा १२३०. एमआरआयवरचं आकारमान आणि बुद्ध्यंक यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पक्कं) ०.२४ च्या आसपास येतो. वर्ग केलात तर बुद्ध्यंकांतल्या फरकाचा सहा टक्क्यांहून कमी भाग आकारमानाशी जोडता येतो. शून्य नाही, पण त्यावरून शेजाऱ्याच्या मुलाचं भविष्य सांगू नये.

धाकटीबद्दल. तिथे 'घेर' हा शब्द तुम्ही बरोबर वापरलात, 'मेंदूचा घेर' म्हणणारे कमी नाहीत. न ताणणारी फीत घ्या, शिंप्याची जुनी सैल झालेली नको. भुवयांच्या वरून, कानांच्या वरून, मागच्या बाजूला सर्वांत बाहेर आलेल्या उंचवट्यावरून फिरवा. तीनदा मोजा, सर्वांत मोठं माप धरा. जन्मताना साधारण ३५ सेंटीमीटर, पहिले तीन महिने दरमहा दोन, पुढचे तीन महिने एक, मग वर्षापर्यंत अर्धा. एका मापावरून काही ठरत नाही, तक्त्यावरची रेघ कशी चालली आहे ते बघतात. आई-बाबांचंही डोकं मोजतात, कारण लहान डोकं वारशानेही येतं. रेघ खाली घसरत गेली, किंवा माप सरासरीच्या दोन प्रमाण विचलनांहून (मापं सरासरीभोवती किती विखुरतात त्याचं एकक) खाली गेलं, की बालरोगतज्ज्ञ पुढच्या तपासण्या सांगतात. रेघ झपाट्याने वर चढली तरी लगेच दाखवायचं, डोक्यात पाणी साठत असू शकतं.

सतत पाठीवर निजून डोकं मागून चपटं झालं असेल तर त्यात सहसा फक्त आकार बदललेला असतो, आकारमान नाही. कवटीची एखादी शिवण (हाडांमधला सांधा) लवकर जुळली तरी डोकं लांबट किंवा तिरकं होतं; ते मात्र बघून घ्यावं लागतं. मोहरीच्या उशीवर बाळाला निजवणाऱ्या आजीला डोक्याचा आकारच हवा असतो, गोल, आणि ती शब्दही तोच वापरते. उशी मात्र बालरोगतज्ज्ञ आता वर्षाच्या आत नकोच म्हणतात, श्वास कोंडायचा धोका असतो.

निबंधातल्या वाक्याचं आधी म्हटलंच. 'आकार' खोडून 'आकारमान' लिहा, मग उरलेलं वाक्यही खोडा.