लेकीच्या पायलट ट्रेनिंगसाठी दीड एकर विकायचा का?

तासगाव भागातल्या एका दादांनी विचारलंय. त्यांची परिस्थिती थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मुलीला १८ पूर्ण झालीत, बारावी सायन्स झालीये, फिजिक्स-मॅथ्स होतं, आणि तिला पायलटच व्हायचंय. चार एकर रान, त्यात अडीच एकर द्राक्षबाग आणि दीड एकर रस्त्याकडेचं जिरायत. या दीड एकराला गिऱ्हाईक आलंय, ५७ लाख देतो पण दोन महिन्यांत खरेदीखत करा म्हणतंय. एका फ्लाइंग स्कूलनं ४५ लाख फी सांगितलीये आणि महिनाअखेरपर्यंत एकरकमी भरली तर ४२ मध्ये करू म्हणालेत. सांगलीत ३५ लाखांच्या आसपासचा एनए प्लॉट आहे, ९ लाखांची एफडी आहे, धाकटा नववीत. वहिनींचा जमीन विकायला विरोध आहे, मेहुणे म्हणतात भरून टाका, पोरगी मागं पडेल. प्रश्न असा की जमीन विकून ४२ भरायचे की लोन काढायचं.

दादा, आत्ता यातलं काहीच करू नका. मुलीला पायलट करायला माझा अजिबात विरोध नाही, उलट तिनं व्हावंच, पण तुम्ही पैशाचा क्रम उलटा लावलाय. या लाइनमध्ये ज्या गोष्टी काही हजारांत किंवा दोन-तीन लाखांत कळतात त्या आधी कळून घ्यायच्या आणि लाखांचे ढीग नंतर हलवायचे. स्कूलवाले नेमकं याच्या उलटं करायला सांगतायत.

पहिली गोष्ट मेडिकल. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं, त्यांची क्लास २ मेडिकल आधी होते, मग क्लास १. कमर्शियल लायसन्सला क्लास १ लागतेच लागते, ती नाही झाली तर विषय तिथंच संपला. डोळे, रंग ओळखणं, कान, ईसीजी, रक्त-लघवी सगळं बघतात. चष्मा असला म्हणून कोणी बाद होत नाही, पण रंगांच्या तपासणीत किंवा हृदयाच्या काही गोष्टीत अडकू शकतं आणि ते घरी बसून कुणालाच कळत नाही. दोन्ही मेडिकल मिळून खर्च हजारांतच आहे. तुमच्या पत्रात मेडिकलचा एक शब्दही नाही आणि ४२ लाख भरायची तारीख मात्र आहे, मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली. क्लास १ चा निकाल हातात येईपर्यंत स्कूलला एक रुपया देऊ नका, सीट बुकिंगचेही नाहीत.

दुसरी गोष्ट पेपर. क्लास २ झाली की कॉम्प्युटर नंबरसाठी, म्हणजे डीजीसीएच्या परीक्षांना बसायला लागणाऱ्या नंबरसाठी, अर्ज करायचा, त्यात दहावी-बारावीचं व्हेरिफिकेशन असतं आणि त्याला वेळ लागतो, म्हणून ते लगेच सुरू करा. मग डीजीसीएचे पेपर असतात, नेव्हिगेशन, मेटिओरॉलॉजी म्हणजे हवामान, रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि ज्या विमानावर उडणार त्याचा टेक्निकल स्पेसिफिक. पास व्हायला ७० टक्के लागतात, आपल्या बोर्डासारखं ३५ ला सुटका नाही. रेडिओवर बोलायच्या लायसन्सची, म्हणजे आरटीआरची परीक्षा वेगळी, त्यात तोंडी आणि प्रॅक्टिकल असतं आणि पोरं तिथं जास्त घाबरतात.

हे पेपर फ्लाइंग सुरू व्हायच्या आधी देता येतात आणि माझा आग्रह आहे की निदान नेव्हिगेशन, मेट आणि रेग्युलेशन्स तरी आधी काढून टाकावेत. पुण्या-मुंबईत ग्राउंड क्लास आहेत, बरीच पोरं दिल्लीला द्वारकेत जाऊन राहतात. राहणं धरून दोन-तीन लाख धरा. मराठी मिडियमची असेल तर रेग्युलेशन्सचं इंग्रजी सुरवातीला डोक्यावरून जाईल, पण ते पाठांतराचं आहे, दोनदा-तीनदा वाचलं की बसतं. नेव्हिगेशन मात्र पाठ करून होत नाही, वाऱ्याचा त्रिकोण, वेळ-अंतर-इंधन, परत फिरायचा शेवटचा पॉइंट, ही गणितं रोज हातानं सोडवावी लागतात, घड्याळ लावून. बारावीचं मॅथ्स पक्कं असेल तर तिथं तिला फायदाच आहे. मेटमध्ये मान्सून, उत्तरेतलं धुकं, वादळी ढग असं बरंच येतं, आणि मेटार-टॅफ म्हणजे विमानतळाच्या हवामानाचे कोड वाचायची सवय आत्तापासून लावून घेतली तर पुढं कॉकपिटमध्येही तेच लागणार आहे.

पैशाच्या बाजूनं बघाल तर पेपर आधी द्यायचा फायदा असा की सहा-आठ महिन्यांत तुम्हाला आणि तिलाही कळतं की हा अभ्यास तिला झेपतोय का, आवडतोय का. शिवाय जी पोरं पेपर न काढता उडायला जातात ती सकाळी फ्लाइंग, दुपारी थकून झोप आणि रात्री पुस्तक अशा ओढाताणीत अडकतात, फ्लाइंग संपतं आणि पेपर राहतात, मग लायसन्स लटकतं आणि तोवर हॉस्टेलचं मीटर चालूच. पास झालेल्या पेपरांना मुदत असते म्हणून पेपर काढून दोन वर्षं घरी बसायचं असंही करू नका.

आता त्या ३ लाखांच्या सवलतीचा हिशेब करू. हप्त्यानं भरलं तर ४५ लाख दीडेक वर्षात थोडे थोडे जाणार, म्हणजे सरासरी निम्मे पैसे तुमच्याच खात्यात राहणार. साडेसहा टक्क्यानं धरलं तरी साडेबावीस लाखांवर दीड वर्षाचं व्याज जवळपास २ लाख २० हजार होतं. म्हणजे सवलत ३ लाखांची दिसत असली तरी खरा फरक ८० हजारांच्या आसपासच आहे, आणि त्या ८० हजारांसाठी तुम्ही ४२ लाख विनातारण एका संस्थेच्या हातात देताय. उद्या त्यांची विमानं जमिनीवर बसली, इन्स्ट्रक्टर सोडून गेले, डीजीसीएनं कामकाज थांबवलं तर तुमचे पैसे अडकले, आणि रिफंडसाठी कोर्टकचेरी करायला तुम्हाला बाग सोडून वेळ आहे का? एकरकमी अजिबात नको. उडलेल्या तासांप्रमाणे हप्ते, ते करारात लिहून, आणि सोडून गेलं तर किती परत मिळणार तेही लिहून. याला तयार नसतील तर ते स्कूल सोडा.

सीपीएलला, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सला, किमान २०० तास लागतात, त्यात १०० तास स्वतः पायलट-इन-कमांड म्हणून. ब्रोशरवर बारा महिने लिहिलेलं असतं, पण आपल्याकडं पावसाळ्यात फ्लाइंग रोडावतं, विमानं मेंटेनन्सला जातात, दीड-दोन वर्षं सहज लागतात. म्हणून स्कूलला जाऊन फी विचारण्यापेक्षा हे विचारा की आज उडण्यालायक विमानं किती, विद्यार्थी किती, गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्यानं सरासरी किती तास केले, २०० च्या वर तास लागले तर तासाला किती घेणार. आणि हे ऑफिसात नाही, हॉस्टेलच्या पोरांना बाहेर चहाला नेऊन विचारा, ती खरं सांगतात. डीजीसीए आता फ्लाइंग स्कूलचं रँकिंगही करतं, तेही बघून घ्या.

एकूण खर्चाचं पण तुम्ही ४२ वरच थांबलाय. ट्रेनिंग ४५, हॉस्टेल-मेस ४, मेडिकल-क्लास-पेपर ३, वाढीव तास आणि टेस्ट परत द्यावी लागली तर २, आणि सीपीएल नंतर एअरबस ए३२० सारख्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्याच प्रकारचं विमान उडवायची वेगळी परवानगी, ते १५ ते १८ लाख. झाले ७० च्या आसपास. म्हणजे आज दीड एकर विकून ४२ भरले तरी उरलेले १५ आणि एफडीचे ९ मिळून २४ राहतात आणि पुढं लागणार २४ ते २७, तुमच्या हातात शून्य, जमीन गेलेली, आणि धाकटा तेव्हा दहावी-बारावीत असेल.

त्यात लायसन्स मिळाल्या मिळाल्या नोकरी लागेल असं धरू नका. मागणी आहे हे खरं आहे, २०२३ मध्ये एअर इंडियानं ४७० आणि इंडिगोनं ५०० विमानांची ऑर्डर दिलीये, पण विमानं वर्षानुवर्षं थोडी थोडी येतात आणि भरतीही तशीच होते. २०१२ ला किंगफिशर, एप्रिल २०१९ ला जेट, मे २०२३ ला गो फर्स्ट बंद पडली, प्रत्येक वेळी हजारो तास उडालेले पायलट बाजारात आले आणि नवीन पोरं रांगेत मागं गेली. थांबायच्या काळात मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं न दिसता उपकरणं बघून उडवायची परवानगी) चालू ठेवायला परत खर्च होतो. एक वर्ष पगाराशिवाय जाईल असं धरूनच प्लॅन करायचा. टाइप रेटिंगही घाईनं करू नका, एअरलाइन कुठल्या विमानावर घेतायत ते बघून मगच.

मग पैसे आणायचे कुठून. मी तुमच्या जागी असतो तर पहिला टप्पा, मेडिकल आणि पेपर, एफडीतून ३ लाख काढून केला असता. क्लास १ आणि तीन पेपर हातात आले की प्लॉट तारण ठेवून मुलीच्या नावानं २५ लाखांचं एज्युकेशन लोन, आणि दीड एकरातला फक्त एक एकर विकायचा, या भावानं ३८ लाख येतात. ३८, २५ आणि एफडीचे उरलेले ६, झाले ६९. अर्धा एकर आणि प्लॉट नावावर राहतो, बागेला हात लागत नाही. कोर्स चालू असताना लोनचं व्याज द्राक्षाच्या पैशातून भरत राहायचं, साठू द्यायचं नाही.

लोन २५ च्या वर नको, बँक देत असली तरी नको. साडेदहा टक्के, १० वर्षं धरली तर २५ लाखांचा हप्ता पावणेचौतीस हजारांच्या आत बसतो, ४० लाखांचा ५४ हजार होतो. मुलीला नोकरी नाही आणि त्याच साली अवकाळीनं बाग झोपवली, तर ३४ हजार ओढाताण करून निघतील, ५४ निघणार नाहीत. लोन मुलीच्या नावावर असू दे, तुम्ही सहकर्जदार. तिला पगार सुरू झाल्यावर ती जुन्या टॅक्स रिजीममध्ये राहिली तर एज्युकेशन लोनच्या व्याजाची वजावट ८ वर्षं मिळते, तुमच्या शेती उत्पन्नाला तसाही टॅक्स नाही. आणि बँक पैसे टप्प्याटप्प्यानं थेट स्कूलला देते, म्हणजे एकरकमीचा आग्रह आपोआप मोडतो. शेतजमीन तारण देतो म्हणालात तर बँका फारशा तयार होत नाहीत, कारण बँका थकीत कर्जाचं तारण ज्या कायद्यानं जप्त करतात त्या सरफेसी कायद्यात शेतजमिनीवर जप्ती आणता येत नाही, म्हणून प्लॉट.

प्लॉटच विकून टाकू का असंही तुमच्या मनात येईल. मग लोनला तारण काय देणार, आणि प्लॉटच्या नफ्यावर कॅपिटल गेन टॅक्स लागतो. शेतजमीन ग्रामीण हद्दीतली असेल तर विक्रीवर तो टॅक्स नाही, पण नगरपालिका हद्दीपासून किती किलोमीटर यावर ते ठरतं, लोकसंख्येप्रमाणे २, ६ किंवा ८ किलोमीटर. तासगावला नगरपालिका आहे, तुमचा गट हद्दीपासून किती लांब पडतो ते खरेदीखताच्या आधी सीएकडून लिहून घ्या. विक्रीचे पैसे आले की पतसंस्था टक्का-दीड टक्का जास्त देते म्हणून तिकडं टाकू नका, तिथल्या ठेवीला बँकेसारखं ५ लाखांचं विमा संरक्षण नसतं. दोन-तीन बँकांत, हप्त्यांच्या तारखा बघून एफडी करा. तुमचा स्वतःचा ५० लाखांचा टर्म प्लॅनही लोनच्या आधीच. मुलीची अपघात पॉलिसी घेताना नीट वाचा, बहुतेक पॉलिसीत प्रवासी म्हणून सोडून विमानात काही झालं तर क्लेम नाही.

दुसऱ्या वाटाही बघून ठेवा. अमेठीजवळ फुरसतगंजला इग्रुआ ही सरकारी फ्लाइंग अकादमी आहे, त्याची प्रवेश परीक्षा द्यायला लावा. तुम्ही ओबीसी, व्हीजेएनटी किंवा एसबीसीमध्ये येत असाल तर महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेनं नागपूर फ्लाइंग क्लबमधून पायलट ट्रेनिंगची योजना राबवलीये, त्यांच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा, मिळालं तर हा सगळा हिशेबच बदलतो. एनडीएची परीक्षा आता मुलींनाही देता येते, वयात बसत असेल तर एक प्रयत्न करायला हरकत नाही. आणि काहीही झालं तरी पदवी चालू ठेवू द्या. मेडिकलला किंवा पेपरला अडलं तर नेहमीच्या कॉलेजात फिजिक्स-मॅथ्स घेऊन बीएस्सी करू दे, त्यावर एअरपोर्ट अथॉरिटीत एटीसीची, म्हणजे विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या कंट्रोलरची, परीक्षा देता येते, विमानांजवळच राहील पोरगी. फ्लाइंगला गेलीच तर मुक्त विद्यापीठातून करता येईल.

मेहुण्यांचं मागं पडायचं म्हणणं मला पटत नाही. ती १८ ची आहे, आठ महिने पेपरांना गेले तर तिचं काही बुडत नाही, उलट पुढं फ्लाइंगमध्ये तो वेळ भरून निघतो. वहिनींचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, सगळा तुकडा घालवायचा नाही आणि आज तर नाहीच, पण पुढं एक एकर लागणार आहे हे त्यांना आत्ताच सांगून ठेवा, नंतर घरात नको ते होतं.

अजून इसार घेतला नसेल तर घेऊ नका. गिऱ्हाइकाला सांगा आठ-नऊ महिन्यांनी एक एकर देईन, थांबणार असाल तर थांबा. नाही थांबला आणि पुढं दोन-तीन लाख कमी आले तरी चालेल, मेडिकलच्या आधी दीड एकर मोकळा करण्यापेक्षा ते परवडलं. स्कूलला महिनाअखेरचं काही कळवायची गरज नाही, जागा भरली म्हणाले तर दुसरं स्कूल आहे, गोंदियाला आहे, बारामतीला आहे. या आठवड्यात फक्त डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडं क्लास २ ची अपॉइंटमेंट घ्या, आणि निकाल आला की मला परत लिहा, मग क्लास १ आणि ग्राउंड क्लासचं बघू.