“मी काय बँक आहो का बे?”

“मॅडम, तिकडे आई-बाबांना काही झालं आणि मला कळलंच नाही तर?” मी समुपदेशक; परदेशी नोकरीला गेलेल्या नागपूरच्या मुलामुलींकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की वाक्य अर्ध्यात असतानाच पुढचं कळतं. म्हणून ही एक केस, ओळख पटणार नाही इतपत बदलून.

मुलगा चौतीस वर्षांचा, लंडनला एका बँकेत लॉग मॉनिटरिंगचा सिस्टिम अ‍ॅडमिन. काम त्यानंच समजावलं. बँकेचा प्रत्येक सर्व्हर आपण काय केलं ते सतत लिहीत असतो, तो लॉग. त्यात काही विपरीत दिसलं की अलर्ट येतो आणि ऑन-कॉल माणूस रात्री उठतो. “आणि एखादा सर्व्हर लिहायचाच थांबला, तर ते जास्त भीतीचं.”

मनीषनगरच्या घरात त्यानं तीन कॅमेरे लावले होते. बाबा सकाळी सहाला फिरायला निघत. उन्हाळ्यात तेव्हा लंडनमध्ये रात्रीचा दीड. परत येऊन ते चप्पल काढताना दिसेपर्यंत हा जागा. एकदा हॉलचा कॅमेरा काळा झाला, फोनही उचलेनात. यानं मामा, शेजारच्या काकू, सगळ्यांना पळवलं. बाबांनी कॅमेऱ्यावर दुपट्टा टाकला होता आणि आत निवांत झोपले होते.

एका सेशनला मी बाबांनाही व्हिडिओवर घेतलं. ते एवढंच म्हणाले, “मी काय बँक आहो का बे?”

पुढच्या सेशनला मी विचारलं, “बँकेत प्रत्येक ओळीला अलर्ट लावला तर?”

“दोन दिवसांत टीम अलर्ट बघणंच सोडेल. मर्यादा ठरवावी लागते.”

“घरी किती ठेवलीस?”

उत्तर नाही.

“सर्व्हर गप्प झाला तर बिघडला. बाबा गप्प झाले तर?”

तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, “...झोपले असतील.” आणि हसला. चार सेशनमध्ये पहिल्यांदा.

ही तुलना मला त्या क्षणी सुचली आणि, खरं सांगते, आजही तिचं कौतुक वाटतं. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वळणाची. त्यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेला विचार मराठीत एका अक्षरात मावतो: ‘च’. “मला कळावं” ही माया. “मला कळलंच पाहिजे, लगेच” यातला ‘च’ झोप खातो. सर्व्हरनं बोललंच पाहिजे, ते त्याचं कामच आहे. बाबांवर तसं बंधन नाही.

पण ‘काळजी करू नकोस’ म्हणून भागत नाही. काळजीला काम द्यावं लागतं. त्याच्याकडे बँकेत रनबुक असतं: बिघाड झाला तर कोणी, कोणत्या क्रमानं, काय करायचं. तसंच घरासाठी लिहायला लावलं. जादा किल्ली कोणाकडे, डॉक्टर कोण, कोणतं हॉस्पिटल, तिथं सही करायला पहिला कोण पोचेल, १०८ ला फोन कोण करेल, औषधांची यादी कुठे. कागद फ्रीजवर. रोज एकच ठरलेला फोन. तो चुकला तर अर्ध्या तासानं दुसरा, आणि मगच काकूंना. हे आई-बाबांसोबत बसून ठरवा. बहुतेक घरांत त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

इथे विचारलं. दोन कॅमेरे निघाले. तिसऱ्याबद्दल बाबा म्हणाले, “दारावरचा राहू दे, कुरियरवाला दिसते.”