अपडेटनंतर घरच्या कॉम्प्युटरचा आवाज गेलाय, फॉरमॅट मारावाच लागेल का?

तुमची अडचण मला कळली ती अशी: घरचा डेस्कटॉप, विंडोज ११, कॅबिनेटच्या मागे लावलेले दोन स्पीकर आणि एचडीएमआय केबलवर मॉनिटर. अपडेट होऊन मशीन रिस्टार्ट झालं आणि तेव्हापासून आवाज नाही. स्पीकरच्या चिन्हावर फुली नाही, व्हॉल्यूम शंभरवर आहे, व्हिडिओ चालतो पण मुका. आणि ओळखीतल्या कुणीतरी फॉरमॅट मारायला सांगितलंय.

फॉरमॅट मारू नका. मी ही दुरुस्तीची कामं रोज करतो. 'आवाज येत नाही' म्हणून हाती येणाऱ्या बहुतेक मशीनमध्ये हार्डवेअर धडधाकट असतं, विंडोजही ठीक असतं, आवाज फक्त भलत्याच वाटेला गेलेला असतो. फॉरमॅटमध्ये तुमचा डेटा आणि अख्खा दिवस जाईल, आणि नंतर तोच ड्रायव्हर (विंडोज आणि हार्डवेअर यांना जोडणारा छोटा प्रोग्रॅम) परत आला तर आवाज पुन्हा जाईल.

लोक घाईघाईने दहा सेटिंग बदलतात आणि मग मूळ बिघाड कोणता होता तेच कळेनासं होतं. म्हणून काहीही बदलण्याआधी एक गोष्ट बघा. घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करून साउंड सेटिंग्ज उघडा, अगदी खाली जा आणि 'मोअर साउंड सेटिंग्ज' दाबा. जुन्या धाटणीची एक छोटी खिडकी उघडेल. तिच्या 'प्लेबॅक' टॅबमध्ये आवाज बाहेर काढू शकणाऱ्या सगळ्या उपकरणांची यादी असते आणि प्रत्येकाच्या उजव्या बाजूला एक उभी पट्टी असते. आता एखादं गाणं सुरू करा आणि कोणती पट्टी हिरवी होऊन वरखाली नाचते ते बघा. गाण्याचा आवाज प्रोग्रॅममधून विंडोजच्या मिक्सरकडे जातो, तिथून ड्रायव्हरकडे, मग मदरबोर्डवरच्या ऑडिओ चिपकडे, जॅककडे, वायरीतून स्पीकरकडे. ही पट्टी त्या वाटेच्या साधारण मध्यावर आहे. ती हलली तर अलीकडचं सगळं ठीक, नाही हलली तर पलीकडच्या वायरी तपासण्यात अर्थ नाही. अर्धं काम इथेच होतं.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय असा की पट्टी मॉनिटरच्या नावासमोर नाचत असेल. एचडीएमआय केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो. अपडेटमध्ये ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला की त्याच्यासोबत त्याचा स्वतःचा एचडीएमआय ऑडिओचा ड्रायव्हरही येतो, आणि मग विंडोज कधीकधी मॉनिटरलाच मुख्य स्पीकर मानून बसतं. मॉनिटरमध्ये स्पीकर नसतील तर सगळा आवाज तिथे जाऊन विरतो. वर चिन्हावर फुली दिसत नाही, कारण विंडोजच्या दृष्टीने सगळं सुरळीत चाललेलं असतं. उपाय सोपा आहे: यादीत 'स्पीकर्स' असं नाव आणि खाली बहुधा 'रिअलटेक' (ऑडिओ चिप बनवणारी कंपनी) लिहिलेलं उपकरण असेल, त्यावर राइट क्लिक करून 'सेट ॲज डिफॉल्ट डिव्हाइस' निवडा. ते दिसतच नसेल तर यादीतल्या मोकळ्या जागेवर राइट क्लिक करून 'शो डिसेबल्ड डिव्हायसेस'वर टिक करा. मॉनिटरचा आवाज कधीच वापरणार नसाल तर त्याची नोंद डिसेबल करून टाका. बदल केल्यावर ब्राउझर एकदा बंद करून उघडा, काही प्रोग्रॅम जुन्या उपकरणालाच चिकटून राहतात. व्हिडिओ कॉलच्या ॲपमध्ये तर स्पीकरची निवड वेगळी असते, ती त्या ॲपच्या सेटिंगमध्येच बदलावी लागते.

पट्टी स्पीकरसमोरच नाचत असेल आणि तरीही शांतता असेल, तर विंडोजला हात लावू नका, कॅबिनेटच्या मागे जा. स्पीकरला वीज येतेय ना, त्याचं स्वतःचं बटण वर आहे ना, हे आधी. मग जॅक: हिरवा स्पीकरचा, गुलाबी माइकचा, निळा बाहेरून आवाज आत घेण्याचा. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलच्या 'पीसी ९९' या मार्गदर्शिकेपासून हे रंग रूढ झाले. काही बोर्डांवर सगळे जॅक काळेच असतात, तिथे शेजारचं बारीक चिन्ह टॉर्च मारून वाचावं लागतं. सफाई करताना वायर निघाली आणि अंदाजाने शेजारच्या भोकात गेली, हे फार वेळा घडतं.

पिन पूर्ण आत गेलीय का, हेही बघा. याची एक खूण सांगतो, कारण ती ऐकून लोक हमखास स्पीकर बदलायला निघतात. गाण्यातली वाद्यं आणि घुमणारा आवाज ऐकू येतो, पण गायक गायब असतो, किंवा लांब विहिरीतून गातोय असं वाटतं. साध्या स्टिरिओ पिनवर तीन भाग असतात: टोक डाव्या स्पीकरचं, मधलं कडं उजव्याचं आणि मागचा भाग दोघांचं सामाईक अर्थिंग. पिन अर्धवट बसली किंवा जॅक सैल झाला आणि अर्थिंगचा हा भाग टेकला नाही, की स्पीकरना डाव्या-उजव्यातला फक्त फरक मिळतो. गायकाचा आवाज बहुतेक गाण्यांत दोन्हीकडे सारखाच ठेवलेला असतो, म्हणून तो वजा होऊन जातो. अशा वेळी पिन 'टक' होईपर्यंत दाबा. तरीही तसंच असेल तर ती बोटांनी हळूच फिरवून बघा. फिरवताना गायक येतो-जातो असं झालं तर दोष जॅकचा किंवा वायरीचा, कॉम्प्युटरच्या आतल्या कशाचाही नाही. दोघांपैकी कोण ते ठरवायला तेच स्पीकर टीव्हीला किंवा दुसऱ्या कशाला तरी लावून बघा, आणि हेडफोन थेट कॅबिनेटच्या मागच्या हिरव्या जॅकला.

पुढचा जॅक चालत नाही आणि मागचा चालतो, अशी स्थिती असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या भागातून मदरबोर्डला जाणारी बारीक वायर निघालेली असते. बोर्डवर 'एचडी ऑडिओ' किंवा 'एफ ऑडिओ' लिहिलेल्या पिनांवर ती परत बसवायची. मशीन बंद करून, पॉवरची वायर काढून.

आता तिसरी शक्यता: यादीत स्पीकर आहेत पण त्यांची पट्टी हलतच नाही. त्यांचं नाव निवडून 'कॉन्फिगर' दाबा आणि 'टेस्ट' करा. टेस्टचा आवाज आला तर दोष त्या एका प्रोग्रॅमचा. ब्राउझरचा टॅब म्यूट झालेला असतो, नाहीतर व्हॉल्यूम मिक्सरमध्ये फक्त त्या प्रोग्रॅमची दांडी शून्यावर असते. आवाज पूर्ण न जाता कॉल सुरू झाला की एकदम बारीक होत असेल, तर याच खिडकीतल्या 'कम्युनिकेशन्स' टॅबमध्ये जा. तिथे कॉलच्या वेळी इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याचा पर्याय मुळातच निवडलेला असतो. 'डू नथिंग' करून टाका.

टेस्टलाच एरर आली तर स्टार्ट मेनूत 'सर्व्हिसेस' शोधा आणि 'विंडोज ऑडिओ' व 'विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर' या दोन्ही रिस्टार्ट करा. स्पीकरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'ॲडव्हान्स्ड' टॅबवर १६ बिट, ४८००० हर्ट्झ ठेवा. फार वरचा आकडा काही उपकरणांना झेपत नाही. तिथलेच ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करा.

आणि हो, मशीन 'शटडाउन' करून परत चालू केलं म्हणजे रिस्टार्ट झालं असं समजू नका. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलंय. ते चालू असलं की शटडाउनच्या वेळी विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. म्हणजे अडकलेला ड्रायव्हर तसाच अडकलेला उठतो. 'रिस्टार्ट'वर क्लिक केलं तरच सगळं नव्याने सुरू होतं.

यादी पूर्ण रिकामी असेल किंवा स्पीकर त्यात नसतीलच, तर मात्र ड्रायव्हर बघावा लागेल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' उघडा. रिअलटेकवर डबल क्लिक, 'ड्रायव्हर' टॅब, आणि 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबता येत असेल तर दाबा. तुमचा आवाज अपडेटनंतर गेलाय, त्यामुळे जुना ड्रायव्हर परत आणणं हा इथे सगळ्यात सरळ उपाय. ते बटण फिकट असेल तर 'अपडेट ड्रायव्हर'मधून 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', मग उपलब्ध ड्रायव्हरांच्या यादीतून 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' निवडा. हा मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण ड्रायव्हर आहे. त्यात जादा सोयी नाहीत, पण बहुतेक चिपवर साधा आवाज निघतो. नवा ड्रायव्हर हवाच असेल तर मदरबोर्ड किंवा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, नेमक्या मॉडेलचाच घ्या. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट' म्हणणारे फुकट प्रोग्रॅम कृपा करून टाकू नका. आवाज दुरुस्त करायला घेतलेल्या मशीनवर त्यांनी नेटवर्कचा ड्रायव्हरही बिघडवलेला मी पाहिलाय, आणि मग नेटच नाही म्हटल्यावर पुढची दुरुस्ती दुप्पट अवघड होते.

डिव्हाइस मॅनेजरमध्येही चिपचं नाव नसेल तर बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) जाऊन 'ऑनबोर्ड ऑडिओ' किंवा 'एचडी ऑडिओ कंट्रोलर' चालू आहे का बघा. शेवटची परीक्षा म्हणजे पेन ड्राइव्हवर उबुंटू (विंडोजसारखीच एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून, इन्स्टॉल न करता, 'ट्राय'वरून चालवायचं. तिथे आवाज आला तर हार्डवेअर शाबूत आहे आणि दोष विंडोजमध्येच आहे. फॉरमॅटचा विचार करायचाच तर तो या टप्प्यावर, आधी नाही.

तिथेही शुकशुकाट असेल तर चिप किंवा जॅक गेला. तेवढ्यासाठी मदरबोर्ड बदलू नका. यूएसबीला लावायचं छोटं साउंड कार्ड मिळतं. आवाज तयार करणारी चिप त्याच्या आतच असल्यामुळे बोर्डवरच्या बंद पडलेल्या भागाशी त्याचा संबंध येत नाही, आणि विंडोज ते बहुधा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखतं. घेताना माइकचं भोक वेगळं आहे की एकाच जॅकमध्ये दोन्ही, हे तुमच्या हेडफोनच्या पिनशी ताडून घ्या, आणि लावल्यावर बायोसमधून बोर्डवरचा ऑडिओ बंद करून टाका.